भरती कधी लागेल?

आज इथे अरबी मुलखात, यान्बूच्या मासळी बाजारात कोळंबी निवडताना बोटांना तिचा वास लागला आणि बारा वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली.

अब्बा उमऱ्याच्या यात्रेसाठी गावाहून आले होते. परत जाण्याआधी मी त्यांना इथल्या किनाऱ्यावर गळाने मासे धरायला नेलं. फेब्रुवारी संपत आला होता, हवा अजून गार होती आणि समुद्र एखाद्या मोठ्या तळ्यासारखा निवांत पडला होता. रत्नागिरीच्या खाडीत जन्म काढलेले अब्बा गळाला कोळंबी लावत म्हणाले, “भरती कधी लागेल रे?”

“अब्बा, इथे भरती फारशी कळतच नाही.”

त्यांनी मान डोलावली. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. मग आणखी एकदा. चौथ्या वेळी मी खेकसलो, “किती वेळा सांगू? लक्ष कुठे आहे तुमचं?”

अब्बा पाण्याकडे वळले. नुसत्या ओढीवरून मासा ओळखणारा हा माणूस, पण दोरी ताणली तरी ते पाण्याकडेच बघत राहिले. मासा आमिष घेऊन गेला. मला वाटलं, रुसलेत. मीही मुद्दाम पाठ फिरवून बसलो.

त्यांचा विसरण्याचा आजार तेव्हाच सुरू झाला होता, हे पुढे डॉक्टरांकडून कळलं. तरी मी इथेच राहिलो.

काल अम्मीने व्हिडिओ कॉल लावून फोन त्यांच्यासमोर धरला. अब्बांनी अदबीने सलाम केला आणि विचारलं, “तुमचं गाव कुठलं?”

मी सांगितलं.

“अरे, मग आमच्याच गावचे की तुम्ही!” म्हणत ते आनंदाने हसले.