झिपरूचे दोन मुखवटे

आमच्या सुरगाण्याकडे बोहाडा असतो, म्हणजे देवांची न् राक्षसांची सोंगं नाचवायची जत्रा. त्यात म्हैसासुर पाहावा तर झिपरूचाच. बापाकडून आलेला लाकडी मुखवटा घालून शेवटच्या सकाळी तो संबळावर असा उसळायचा, की देवीचं सोंग घेतलेला गडी त्याला मारायचंच विसरायचा! एकदा मीच ओरडलो, "झिपऱ्या, मर की आता!"

गेल्या वर्षी माघात त्याचा आवाज बसला, भाकर अडकू लागली. नाशकातले डॉक्टर म्हणाले, घशाचा कॅन्सर, बराच पुढे गेलेला. "रेडिएशनचे पस्तीस शेक सलग घेतले तर आशा आहे. खंड पडला, की गाठ पुन्हा जोर धरते."

बायको नवसाबाईला घेऊन तो सातपूरला माझ्याकडे राहिला. दवाखान्यात त्याचा दुसरा मुखवटा झाला. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी तोंडामानेवर दाबून बसवली. शेकाच्या वेळी ती टेबलाला खटक्यांनी अडकवायची, मान हलू नये म्हणून. झिपरू खरखरला, "लाकडाचा घातला की नाचायचं, ह्यो घातला की मेल्यागत पडायचं." मशीनवरची ज्योत्स्ना किती हसली!

चोविसाव्या शेकापर्यंत गळा भाजून निघाला, पण गाठ विरली. पेज उतरू लागली. तेवढ्यात चुलतभाऊ बहिरूचा फोन. "दादा, तू निवांत शेक घे. औंदा म्हैसासुर मी नाचतो."

"एकदा त्यानं घातला, की मुखवटा त्याच्याच घरात राहतो," झिपरू म्हणाला.

"अकराच राहिले ना!" नवसाबाई करवादली.

"नाचायला घसा लागतो का?" म्हणत तो जीपमध्ये बसलासुद्धा.

आणि काय नाचला! बहिरूचं तोंड एवढंसं झालं. गाठ तर गेली, मग शेक कशाला, म्हणून झिपरू गावीच राहिला.

महिना उलटला, तेव्हा पाणीही उतरेना. मीच त्याला दवाखान्यात नेलं. ज्योत्स्नाने जाळी चढवली, पण डावीकडचा खटका लागेना. गाठ जाळीला रेटत होती. तिने जरा दाबलं, तर झिपरू गुरासारखा कण्हला.

"आता शेक द्यायचे ते दुखणं कमी करायला," डॉक्टर म्हणाले. "बरं करायला नाही."

झिपरूने दोन बोटं शिंगांसारखी डोक्याला लावली. पुढचा बोहाडा? डॉक्टर कागद चाळत राहिले.

दिवाळीआधीच गेला.

यंदा बहिरू नाचला. इतका मिळमिळीत, की देवीने पहिल्याच वारात लोळवला! मी पोट धरून हसलो. नवसाबाई आली नव्हती, म्हणून तिच्या घरी गेलो. अंगणात दवाखान्यातून आणलेली ती जाळी पालथी ठेवलेली. झिपरूचं कपाळ, नाक, हनुवटी जशीच्या तशी. खाली कोंबडीची पिल्लं.

"घार उचलत नाय," ती म्हणाली.