थोरल्याचं दूध

नानूच्या आईने मला त्यांच्या ओसरीच्या खांबाला पाठ लावून उभं केलं. शेजारी नानूला. दोघांच्या डोक्यांवर हात ठेवून पाहिलं. मी दहा वर्षांचा, त्याच्याहून महिन्याने मोठा. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच. तांदूळ निवडणाऱ्या बायकांकडे वळून, माझ्या आईकडे बोट करत ती म्हणाली, "दोघंही हिच्याच दुधाचे बरं का. एकाला लागलं, एकाला नाही."

बायका हसल्या. माझी आई अंगणात शेणी रचत होती. तीही हसली. तिच्या हसण्याचा राग मी पुढची पंधरा वर्षं धरला.

नानू भोरातल्या एका अंमलदाराचा मुलगा. आम्ही उत्रोलीचे, भातशेती करणारे. मी जन्मलो त्या साली वडील हिवतापाने अंथरुणाला खिळलेले. नानूच्या आईला दूध येत नव्हतं. तिकडून बोलावणं आलं आणि आजोबांनी हो म्हटलं. मी आईचा पहिला, दोन महिन्यांचा. मला गुंजवण्याला आजोळी ठेवलं, तांदळाच्या पेजेवर. अंमलदाराच्या घरचा नियम होता, दाईने आपलं मूल आणायचं नाही, त्याला भेटायलाही जायचं नाही. दूध वाटलं जातं म्हणे. तिला अळिवाचे लाडू मिळत. पण मालकिणीसमोर बसून खायचे. पदरात बांधायचे नाहीत.

हे मला आईने सांगितलं नाही. गावाने सांगितलं, चेष्टा करत.

नानू शाळेत निघाला की मी त्याचे पाय बघायचो. सरळ, भरलेले. वाटायचं, हे माझे आहेत. त्याच्या पुस्तकांचा, टोपीचा हेवा नव्हता. पायांचा होता. त्याचं मी काही वाकडं करू शकत नव्हतो, म्हणून आईला छळलं. भाकरी वाढायला उशीर झाला की धाकट्या भावंडांसमोर म्हणायचो, "तुझा थोरला भोरात हाय. त्याला वाढ जा." तव्यावरची भाकरी करपायची. लिहिताना लाज वाटते. तरी लिहितो.

लढाईच्या महागाईत माझी पहिली मुलगी झाली. ती दीड महिन्याची असताना नानूचा टांगा दारात थांबला. आता तो वकील. त्याच्या बायकोला दूध नव्हतं. घोंगडीच्या टोकावर बसून म्हणाला, "आपण एका दुधाचे भाऊ. तुझ्या बायकोला आमच्याकडे पाठव. तुझ्या मुलीला मी गाईचं दूध पोचवीन. त्यावरही मुलं वाढतात."

आणि मला आनंद झाला. खरं सांगतो. ज्याचा जन्मभर हेवा केला, त्याने मला भाऊ म्हटलं होतं. मी आत गेलो आणि बायकोला म्हणालो, लुगडी बांध. तिने पोरीला छातीशी आवळलं आणि भिंतीकडे वळून बसली.

चुलीपुढून आई म्हणाली, "गाईच्या दुधावर वाढत्यात, तर त्यांचंच वाढवा म्हणावं."

मी म्हणालो, तू बरी गेलीस.

"व्हय, गेले. धा म्हैन्यांनी गुंजवण्याला आले, तवा पान्हा हुता अजून. तुला छातीला लावला. तू तोंड फिरवलंस. परक्या बाईकडं बघावं तसं बघितलंस. दोन दिस लई केलं, तू तोंड लावलं न्हाईस. मंग ते दूध म्या भिंतीवर पिळलं." तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "तू बोलतोस ते खरं हाय. तुझी आई म्या झालेच न्हाई. हिला तरी हिच्या लेकीची होऊ दे."

मी बाहेर आलो. सांगितलं, बायको येणार नाही.

तो उठला नाही. हसून म्हणाला, "तुझ्या आईनं कधी नाही म्हटलं नव्हतं."

"तिला कुणी इचारलं न्हवतं," मी म्हणालो. "उठा आता."

मी त्याला पहिल्यांदाच बसल्या जागेवरून उठवलं.

त्याचा मुलगा गाईच्या दुधावर वाढला. धडधाकट वाढला. हे कळलं तेव्हा मी बांधावर बसून राहिलो. मी पेजेवर होतो त्या सालीही त्यांच्या गोठ्यात गाई होत्या.

आई गेली. मी तिची माफी मागितली नाही. मागितली असती तर तिने लगेच दिली असती, आणि तेवढ्यात सुटण्याचा मला हक्क नव्हता. हेवा अजून आहे. तो मी मरेपर्यंत जपणार आहे. पण तो आता घरातल्या कुठल्याही बाईवर काढणार नाही. तो त्या ओसरीचा आहे, आणि त्या ओसरीसाठी आमच्या घरातली बाई पुन्हा आपलं मूल खाली ठेवणार नाही.