भाऊंचं दार आणि माझी उत्तर दिशा

आधी चहा संपवा. मी काय करून बसलोय ते ऐकताना ठसका लागला, तर तेही माझ्याच नावावर लागेल, आणि माझ्या नावावर सध्या एक आख्खी भिंत आहे. भाऊंच्या बंगल्याची.

नांदूरघाटच्या पुढे एका लहानशा गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी आहे. राहतो केजला, मोटारसायकलवर जाऊन-येऊन करतो. तिसरीला दिशा आणि नकाशा शिकवायचा होता. आता दिशा कशा शिकवतात तुम्हाला माहीत आहे. 'उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा' हे पोरांकडून भरदुपारी, पंख्याखाली बसून घोकून घेतात. मला असल्या मास्तरांचं हसू येतं. मी ठरवलं, आपण गावाचाच नकाशा काढायचा, तोही शाळेच्या भिंतीवर, ऑइलपेंटने. लोकांनी बघत राहिलं पाहिजे.

पोरांना पटांगणात फाटकाकडे तोंड करून उभं केलं. समोर दिसतंय ते नकाशात वर, पाठीमागचं खाली. फाटकासमोरच भाऊंचा दुमजली बंगला, त्याचं दार शाळेकडे. पोरांनी तो हुबेहूब काढला, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसकट. मग मी ब्रश घेतला आणि ऐटीत लिहिलं. वर उत्तर, खाली दक्षिण, उजवीकडे पूर्व, डावीकडे पश्चिम.

मुक्ता नावाची पोरगी आहे वर्गात. बारीक आवाजात म्हणाली, "गुर्जी, वर उत्तर कावून? फाटकाकडं तर दक्षिण हाय."

"कोण म्हणतं?"

"आबा म्हनतेत. आमचं रान तिकडंच हाय."

मी तिला वर्गात नेऊन महाराष्ट्राचा नकाशा दाखवला. वर काय लिहिलंय? उत्तर. नकाशात वर उत्तरच असते, तुझ्या आबांचं रान कुठेही असो. ती गप्प बसली. पोरं गप्प बसली की आम्ही समजतो त्यांना कळलं.

नकाशाचं उद्घाटन भाऊंच्या हस्ते ठेवलं. भाऊ म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष. पंचायत समितीला दोनदा उभे राहिले, दोनदा पडले, आता तिसऱ्यांदा उभे राहणार आहेत. नारळ फुटला. भाऊंनी विचारलं, आमचं घर कुठंय यात? मी छडी टेकवून सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "हे काय भाऊ, आणि दार बघा, अगदी बरोबर दक्षिणेला."

माझी जीभ झडली का नाही त्या वेळी?

भाऊंनी टोपी काढून हातात घेतली. "गुर्जी, दक्षिणंचं दार म्हंजे यमाचं दार. आन् दोन्ही टायमाला आमी फार्म भराया ह्याच दारातून गेलतो." मग म्हणाले, "आई तर म्हनती दार उत्तरंला हाय. आता आई खरी का नकाशा?"

नकाशाच्या खाली 'मार्गदर्शक' म्हणून लाल रंगात माझं नाव होतं. समोर सगळं गाव उभं. मी म्हणालो, "नकाशा."

तुम्ही म्हणाल, माणसाला सूर्य दिसत नाही का? अहो, भाऊ उठतात दहाला. सूर्य उगवतो हे त्यांना ऐकून माहीत आहे. आणि कार्यकर्त्यांचं म्हणाल, तर भाऊंनी 'दक्षिण' म्हटल्यावर उत्तर दाखवणारा कार्यकर्ता अजून जन्माला यायचाय. दुसऱ्याच दिवशी गवंडी आला. पुढचं दार विटा लावून बुजवायला घेतलं आणि मागची भिंत फोडून नवं दार काढलं. मागे उकिरडा आहे. भाऊंना भेटायला येणारे आता नाकाला रुमाल लावून तो ओलांडून येतात, आणि आत गेल्यावर म्हणतात, काय प्रसन्न वाटतंय.

मग आला शनिवार. सकाळची शाळा. प्रार्थना सुरू झाली आणि सूर्य वर आला तो थेट मी 'पश्चिम' लिहिलं होतं त्या बाजूने. फाटकातून दिसत होतं, गवंडी जुन्या, म्हणजे खऱ्या उत्तरेच्या दाराची शेवटची वीट बसवत होता. मुक्ताने सूर्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

खरं सांगायचं म्हणून मी गेलो, देवाशपथ गेलो. उकिरडा ओलांडून गेलो. तोंड उघडतो तोच भाऊंनी त्यात पेढा कोंबला. "गुर्जी, दार फिरवलं आन् तिकीट पक्कं झालं. लई उपकार हायेत तुमचे. तुमी सांगितलं न्हाई तर आमी जल्मभर पडतच राह्यलो असतो." तोंडात पेढा असताना माणूस काय बोलणार? नंतर गिळला, पण तोवर बोलायची हिंमतही त्याच्याबरोबर खाली गेली होती.

सोमवारी मी भिंतीवरच्या चारही दिशा पुसून टाकल्या. ओल आली म्हणून सांगितलं. मुक्ताने विचारलं, "गुर्जी, परीक्षेला भिंतीवरलं लिहायचं का खरं?" मी म्हणालो, "खरं लिही बाई, आणि घरी कुणाला सांगू नको."

आता निवडणुकीच्या निकालाची वाट बघतोय. भाऊ निवडून आले तर माझा सत्कार आहे, त्यांच्या त्या नव्या दारात. पडले, तर कुणीतरी त्यांना होकायंत्र दाखवणारच, आणि मग मला मोटारसायकल काढून मिळेल त्या वाटेने केज गाठावं लागेल. केज नेमकं कोणत्या दिशेला आहे, ते मी मुक्ताला विचारून ठेवलंय.