खंडेनवमीचं तेल

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर समजून घ्या. गिरणीत मी बारा वर्षं ऑइलमन होतो. साच्यांना, म्हणजे मागांना, तेल देणं हे माझं काम. गिरणी बंद पडली तेव्हापासून पिकअप चालवतोय, आणि माझ्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला खपत नाही. त्या वैशाखात कोकणातल्या आमच्या गावच्या सातेरी देवीच्या देवळासाठी आम्ही मुंबईकरांनी घंटा करून घेतली. ती पोचवायचा मान मी भांडून मिळवला. आणि नेमका त्याच महिन्यात गाडीचा ब्रेक मऊ लागायला लागला. पाय दाबला की पेडल खाली खाली जायचं, गाडी डावीकडे ओढायची. घरात बोललो नाही. ‘बाबा, आता गाडी सोडा’ असा मुलाचा धोशा होताच, त्याला आयतं कारण कशाला द्या? रोज सकाळी स्टिअरिंगला हात लावून म्हणायचो, आई, तूच सांभाळ. पण पेडल काही वर येईना. देवी माझं ऐकत नाही की काय, ही शंका आयुष्यात पहिल्यांदा मनात आली.

निघायचा दिवस शनिवार. दुपारी लालबागच्या आमच्या गल्लीत गाडी उभी होती. मागे गोणपाटात बांधलेली घंटा, केबिनमध्ये आमची मंडळी आणि तिचा भाऊ गणपत बसायचे होते. हार घातला, नारळ हातात घेऊन मी देवीला गाऱ्हाणं घालायला लागलो. गणपत प्रत्येक वाक्याला ‘व्हय महाराजा’ म्हणत होता. तेवढ्यात मागे हॉर्न. स्कूटरवर पन्नाशी उलटलेला एक माणूस, गळ्यात क्रूस, पुढे रिकामा डबा. म्हणाला, “काका, गाडी जरा पुढे घे ना. डंकावर मसाला कुटायला दिलाय.”

मला ‘तू’ म्हणाला! मी गाऱ्हाणं पुरं केलं, मगच त्याच्याकडे पाहिलं. नारळ फोडला. आता पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं, तर माझा गुडघा वाकेना. रागातच लिंबू त्याच्यापुढे धरलं. म्हटलं, “घाई आहे ना? मग हे चाकाखाली ठेव, लगेच निघतो.”

त्याने लिंबू घेतलं, वाकला, आणि वाकलेलाच राहिला. मग डोकं आत घालून मोबाईलची बत्ती लावली.

“काका, ब्रेक दाब. सोड. परत दाब.”

“तू कोण मला सांगणारा?”

“बसच्या डेपोत ब्रेकवर तीस वर्षं काढलीत. दाब तर.”

मी केबिनमध्ये चढून दाबला. त्याने गणपतला खाली वाकवून दाखवलं. गणपत उठला तो पांढराफटक. म्हणाला, “भावोजी, पाइप बेडकाच्या गळ्यासारखो फुगता!” चाकाकडे जाणारा ब्रेकचा रबरी पाइप तो. बोटाने दाबला तर पिठासारखा मऊ, वाकतो तिथे चिरा, खाली ओल.

“ह्याला तेल कोणी लावलं?” त्या माणसाने विचारलं.

मी छाती काढून सांगितलं, “मी. दर खंडेनवमीला. यंत्राची पूजा म्हणजे आधी तेलाचा हात. गिरणीत शिकलोय.”

“लोखंडाला तेल, काका. रबराला चालत नाय. पूजेपूजेनं पाइप मारून टाकलास तू.”

मी म्हटलं, इतकी वर्षं काही झालं नाही, आज घाट उतरायला काय होतंय. तशी आमची मंडळी कडाडली, “त्या माणसाचा ऐका तरी! देवी काय प्रत्येक वळणार गाडी धरूक येतली?”

मी पैसे काढून गणपतच्या हातात ठेवले. गणपत परळला जाऊन तीन नवे पाइप, ब्रेक ऑइल आणि तांब्याचे वायसर घेऊन आला. त्या माणसाने चाकं काढली. लोखंडी नळी पिळू नये म्हणून दोन पाने लावून एकेक जोड सोडवला. नवा पाइप बसवला की चाक परत लावून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावायचा आणि पाइप टायरला कुठे घासत नाही ना ते बघायचा. शेवटी हवा काढायची होती. मी पेडलवर, तो चाकाशी. “दाब. धरून ठेव. मी सांगेपर्यंत सोडू नको, नायतर हवा परत आत जाईल.” दोन तास मी त्या माणसाच्या शब्दावर पाय दाबला आणि सोडला. गिरणी सुटल्यापासून असं कुणाचं ऐकलं नव्हतं. आणि खरं सांगतो, त्यात कमीपणा वाटला नाही. उलट हलकं वाटत गेलं. बुडबुडे थांबले आणि पेडल पायाखाली दगडासारखं घट्ट झालं, तेव्हा माझे डोळे भरून आले.

तो देव होता असं मी म्हणणार नाही. तो वडाळ्याचा पास्कल, मसाल्याचा नंबर यायला वेळ होता म्हणून थांबला. पण एवढ्या मुंबईत ब्रेकचाच माणूस माझ्या चाकाशी वाकावा, हे मी कुणाच्या पदरात घालू? महिनाभर मी देवीला हाका मारत होतो. तिने उत्तर दिलं, तेही मला ‘तू’ म्हणणाऱ्या तोंडून. तिच्यावर भार टाकला म्हणायचं आणि माझंच खरं करायचं, हे माझं आजवरचं टाकणं. त्या दुपारी खरं टाकायला शिकलो. गणपत म्हणाला, उशीर झाला, आता उद्या निघू. मी लगेच ‘हो’ म्हणालो. मंडळींनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप तर नाही ना.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. नऊच्या सुमाराला घाटाच्या माथ्यावर गाडी बाजूला घेतली, दोघांना खाली उतरवलं आणि एकटाच दोन वळणं उतरलो. उतारावर पाय दाबला. गाडी सरळ रेषेत, जिथे म्हटलं तिथे उभी राहिली. हँडब्रेक ओढला, चाकाला दगड लावला आणि वर बघून हाक मारली, “या गो, बसा आता!”