मोनोपोलांची मोजणी

लोहचुंबकाचे कितीही तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्याला उत्तर-दक्षिण ध्रुव राहतातच. सुटा ध्रुव, म्हणजे मोनोपोल, निसर्गात अजून कोणाला सापडलेला नाही. मी मात्र ठाकुर्लीच्या वन रूम किचनमध्ये बसून ते वर्षानुवर्षं मोजत आलेय. कॉम्प्युटरवर अवकाशकाळाची चौकटी-चौकटींची जाळी मांडायची, तिच्यात अणुगर्भातल्या कणांना बांधून ठेवणारं क्षेत्र भरायचं आणि मोनोपोल हुडकायचे. शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या की विचारतात, "काय गं, सापडला का तो?" जणू मी पोलिसांत तक्रार दिलीय. मी "अजून नाही" म्हणते. रोज कॉलेज सुटल्यावर याहून जास्त बोलणं माझ्या वाट्याला येत नाही.

हे मोनोपोल थेट दिसत नाहीत. आधी जाळीच्या प्रत्येक बिंदूवर मोजायची दिशा ठरवावी लागते. याला गेज ठरवणं म्हणतात. दिशा कुठलीही घेता येते, पण ती बदलली की मोजणीही बदलते, म्हणून त्यातल्या त्यात उत्तम ती शोधायची असते. धुक्यात पारसिकचा डोंगर चढणारा पहिल्याच टेकाडाला माथा समजून बसकण मारतो, तसं इथेही होतं, कॉम्प्युटर पहिल्याच बऱ्या उत्तरावर थांबतो. त्यामुळे दरवेळी नव्या जागेवरून पुन्हा चढायचं आणि सगळ्यांत उंच माथा घ्यायचा. हे नवशिक्यालाही ठाऊक असतं.

गेल्या महिन्यात मी जुना प्रोग्रॅम उघडला. पुन्हा चढण्याची संख्या मी चाचणीपुरती 'एक' ठेवली होती, आणि ती तशीच राहून गेली होती. नीट वीस वेळा चढून पाहिलं, तर मोनोपोल बरेच कमी निघाले. त्या संख्येवर उभा असलेला, छापून आलेला आमचा निष्कर्षच कोसळला.

आमचा, कारण त्या शोधनिबंधावर माझ्या सरांचंही नाव होतं. निवृत्तीआधीचा तो त्यांचा शेवटचा. या विषयावर मी बोलू शकेन असा तेवढा एकच माणूस उरलाय. तेही चिडून संबंध तोडून बसले तर मग कोणीच नाही. आठ दिवस मी फोन हातात घ्यायचे आणि खाली ठेवायचे.

शेवटी रविवारी सकाळी नौपाड्यात त्यांच्या घरी गेले. सरांनी चष्मा पुसून आकडे पाहिले.

"किती वेळा चढली होतीस?"

"एकदाच, सर."

"गाढव आहेस."

मला एकदम बरं वाटलं. इतक्या आपुलकीनं कोणी बोलून फार दिवस झाले होते.

मग ते कागदाकडे बघत राहिले. "चार वर्षं झाली छापून. तुला कोणी विचारलं? एखादी ईमेल?"

"नाही."

"मलाही नाही. एवढी ढोबळ चूक, आणि एकाच्याही लक्षात..." त्यांनी कागद उलटा करून ठेवला. त्यांच्या रागाला मी इतकी घाबरले होते. आता वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं.

"दुरुस्ती लिहून पाठव," ते म्हणाले. "दोघांचीही नावं घाल. संपादकाला ती वाचावीच लागेल."

त्याच दुपारी मी ती लिहायला घेतली, आणि लाज सोडून सांगते, गरजेपेक्षा बरीच लांब लिहिली.