सहा हजार पावलं, पण कोणाची?

गेल्या मंगळवारी इस्रायलमधल्या आमच्या येरुहाम गावच्या बाजारात मला माझ्या नवऱ्याची पावलं दुसऱ्याच्याच कमरेला सापडली. हसू नका... त्या क्षणी मला अजिबात हसू आलं नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी ह्यांना हार्ट अटॅक आला. फॅक्टरीच्या बससाठी उभे होते, तिथेच कोसळले. बायपास झाली, घरी आले. आता व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा बेर शेवा शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जाणं काही झेपेना, तेव्हा दवाखान्याने त्यांचं नाव एका नव्या योजनेत घातलं.

म्हणजे काय, तर एक मोबाईल आणि कमरेला अडकवायचं पावलं मोजणारं छोटं यंत्र. रोज चालायचं, संध्याकाळी पावलांचा आकडा आणि नाडीचे ठोके मोबाईलवरून पाठवायचे. आठवड्यातून एकदा ओरली नावाची नर्स फोन करणार. छातीत दुखलं तर मोबाईलचं लाल बटण दाबायचं, की फोन थेट त्यांच्या सेंटरला लागतो.

मला पहिल्या दिवसापासून हे पटलं नव्हतं. काडेपेटीएवढ्या डबीला माणसाचं काळीज काय कळणार? वर ते यंत्र हरवू नये म्हणून मी त्यावर चिकटपट्टी लावून ह्यांचं नाव लिहून ठेवलं.

पण आकडे झकास येऊ लागले. चार हजार, पाच हजार, सहा हजार! ओरली फोनवर म्हणायची, "कोल हाकावोद, मोशे!" म्हणजे शाब्बास. हे मान डोलवायचे... आणि माझ्याकडे बघायचं टाळायचे.

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. नेगेवच्या वाळवंटी उन्हात सहा हजार पावलं चालून आलेल्या माणसाला घाम कसा नाही? बुटांवर धूळ कशी नाही? दोन-दोन तास हे जातात कुठे?

मला वाटलं, सिगरेट परत सुरू झाली. आल्या आल्या शर्टाचा वास घेतला... काही नाही. मग वाटलं, कुठेतरी बसून तळलेलं खातात. खिसे तपासले, एक साधा टिशूपेपरही मिळाला नाही. लेकीला फोन केला तर ती हिब्रूत म्हणाली, "आई, तू पोलिसात भरती का नाही झालीस?"

गेल्या सोमवारी ओरली म्हणाली, "एवढं छान चालतोयस, तर आता आठ हजार करू, आणि चढावरही जा." ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी तो बघितला.

आणि मंगळवारी बाजारात सॅमसनभाऊ भेटले. हे आणि ते फॅक्टरीत एकाच पाळीला असायचे. हल्ली ते म्युनिसिपालिटीच्या बागांना पाणी घालतात, दिवसभर गावभर फिरत असतात. कांदे घ्यायला वाकले, आणि त्यांच्या पट्ट्याला माझ्याच अक्षरातलं ह्यांचं नाव!

"वहिनी, त्यानंच दिलं हो..." ते पुटपुटले. "रोज सकाळी देतो, दोन तासांनी परत नेतो. मी नाही म्हटलं तर रडायला लागला."

"आणि आत्ता कुठे आहेत हे?"

"सिनेगॉगच्या मागच्या बाकावर."

मी तरातरा गेले. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं जुळवलं होतं. हे एकटेच बसले होते, मोबाईल दोन्ही हातांत धरून. मला बघून उठलेसुद्धा नाहीत.

"अहो, हे काय चालवलंय? फसवताय कुणाला?"

त्यांनी मोबाईल बाकावर ठेवला. मग म्हणाले, "अगं, त्या दिवशी मी पडलो ना, तेव्हा सगळे विचारत होते, काय होतंय, काय होतंय. मला हिब्रूतला एक शब्द आठवेना. भारत सोडून चाळीस वर्षं इथे काढली आणि एक शब्द नाही! मी आपला 'छातीत दुखतंय, छातीत दुखतंय' म्हणून ओरडत राहिलो. कुणाला कळलं नाही गं. एकटा चालताना परत तसंच झालं तर?"

"पण लाल बटण आहे ना?"

"दाबलं, आणि पुन्हा मराठीच तोंडातून आलं तर?"

माझे सगळे जुळवलेले शब्द तिथेच गळाले. तीन आठवडे मी त्यांचे खिसे तपासत होते... पण 'भीती वाटते का हो?' एवढं विचारलं नव्हतं.

घरी येऊन मीच ओरलीला फोन केला, सगळं खरं सांगितलं. वाटलं, आता नाव काढून टाकतील. ती म्हणाली, "मलाही संशय होताच. पावलं वाढतायत आणि नाडी जागच्या जागी. म्हणून तर काल मुद्दाम आठ हजार म्हटलं... वाटलं, आता तरी बोलेल." मग तिने विचारलं, "तो काय ओरडत होता, ते मला हळू सांग. मी लिहून घेते."

मी तीनदा सांगितलं. तिने हिब्रू अक्षरांत लिहून घेतलं.

काल आम्ही दोघं पहिल्यांदा एकत्र चाललो. एक हजार एकशे चाळीस पावलं... त्या बसस्टॉपपर्यंत, आणि त्याच्या थोडं पुढेही. संध्याकाळी आकडा पाठवल्यावर सेंटरमधून फोन आला. ओरली नव्हती, दुसरीच कुणी तरुण मुलगी होती. एकेक अक्षर जुळवत तिने विचारलं,

"मोशे... छा-तीत... दुख-तंय?"

ह्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "नाही गं पोरी," हे मराठीतच म्हणाले, "आज नाही."

तिला किती कळलं देव जाणे. पण आज सकाळी हे माझ्याआधी तयार होऊन दारात उभे होते. त्या दोन मुलींचे उपकार मी कुठल्या भाषेत मानू?