आईचं कालवण आणि इंटरनेटचा नियम

इंटरनेटचे नियम साऱ्या जगाला लागू पडतात, फक्त आमच्या घराण्याला पडत नाहीत, हे मला कोलंबीमुळे कळलं.

आई गेल्यापासून अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, जेवणावरून मनच उडालं होतं. शिवाजी पार्कला रोज सकाळी दोन फेऱ्या मारणारा माणूस खुर्चीतून उठेना. दहीभात चिवडायचे आणि म्हणायचे, तिचं कोलंबीचं कालवण असतं तर दोन घास गेले असते. ते कालवण मी चार वेळा केलं. (चौथं मांजरानेही हुंगून सोडलं. ते दादरच्या मासळी बाजारात वाढलेलं मांजर आहे, त्याच्या फारशा अपेक्षा नसतात.) आईने कृती लिहून ठेवली नव्हती, म्हणून मी नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं. उत्तरादाखल नऊ जोडलेले हात आणि एक गुलाबाचं फूल आलं.

माझी मुलगी सई म्हणाली, प्रश्न विचारलास तिथेच चुकलास, बाबा. इंटरनेटचा म्हणे नियमच आहे: खरं उत्तर हवं असेल तर प्रश्न विचारायचा नाही, चुकीचं उत्तर ठोकून द्यायचं. मदतीला कोणी येत नाही, पण चूक काढायला सगळे धावत येतात. मला हे लगेच पटलं, कारण मी हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी आहे.

तेव्हा मी लिहिलं, 'आईच्या कालवणाची कृती: कोलंबीला आपला घरचा मसाला लावावा. चिंच घालू नये. त्याऐवजी चार चमचे टोमॅटो केचप आणि वर चिमूटभर साखर.' मासळीवर जीव टाकणाऱ्या आम्हा पाठारे प्रभूंच्या ग्रुपवर केचप! देवाचं नाव घेऊन पाठवलं.

दोन मिनिटांत ग्रुप पेटला. पण कृती कोणीच सांगेना, सगळे नुसती माझी लाज काढत होते. सईने मग दुसरा नियम सांगितला. थट्टा कितीही अचाट असो, पुढे हसरा चेहरा टाकला नाही तर कोणीतरी ती खरी मानतंच. आमच्यात ते 'कोणीतरी' म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको, भोईवाड्याच्या नीता वहिनी. त्यांनी लिहिलं, 'छान! आजच करते, अण्णांनाही डबा पाठवते.' एव्हाना आमच्या घराण्याचा स्वतःचा नियमही लागू झाला होता. वाद कशावरूनही असो, लांबला की माझ्या लग्नात पापलेट कमी पडल्याचा विषय निघतोच. या वेळी तो विसाव्या मेसेजला निघाला.

दुपारी गिरगावहून अण्णांची धाकटी बहीण, कुसुम आत्या, टॅक्सी करून हजर झाली. एका हातात कोलंबी, दुसऱ्या हातात चिंच.

"माझ्या वहिनीच्या नावावर केचप खपवतोस? तिच्या हातची चव मला चाळीस वर्षांत साधली नाही रे!"

तिने स्वतः कालवण केलं. मी वही-पेन घेऊन पाठीशी उभा. (बेत फसला असला, तरी कृती मिळत होती.) पानं मांडेपर्यंत भोईवाड्याचा डबाही आला.

अण्णांनी आत्याचं कालवण चाखलं, "छान झालंय" म्हणाले आणि वाटी बाजूला सारली. आत्याचा चेहरा उतरला. मला तर रडूच येत होतं. मग त्यांनी डबा ओढला. एक घास घेतला आणि थांबले. दुसरा घेतला. बघता बघता डबा रिकामा झाला.

"हेच ते," अण्णा म्हणाले.



"याची आई पुण्याची. लग्नाआधी मासा फक्त काचेच्या पेटीत पाहिलेला," अण्णा सांगू लागले. "पहिल्याच वेळी घरातली चिंच संपली होती, घाबरून केचप ओतलं. आणि कुसुम, तू पंगतीत वाहवा केलीस. मग कुठल्या तोंडाने सांगणार? मला शपथ घातली तिने, म्हणून याला चार वेळा चिंचेचं कालवण करू दिलं. आज डब्यानेच गुपित फोडलं."

आत्याने रिकामा डबा ओढून हुंगला. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि हसता हसताच रडली. "चाळीस वर्षं विचारत होते मी तिला. नुसती हसायची," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा बूट घालून पार्कात गेले. मी बाल्कनीतून पाहत राहिलो. फार आनंद झाला होता, पण एक गोष्ट मनाला लागून राहिली. उभ्या आयुष्यात एकदाच मी ठरवून, विचार करून, चार ओळींची चूक करायला बसलो होतो. तीसुद्धा मला जमली नाही.